बाल्टिमोर ओरिओल्स आणि २०२४-२५ चा हिवाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाल्टिमोर ओरिओल्स हा मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतला संघ. २०२३ मध्ये १०१ विजय, २०२४ मध्ये ९१ आणि २०२५ मध्ये ७५ विजयांसह विभागात तळाला. इतका गुणी, इतका तरुण संघ दोन वर्षांत असा घसरलाच कसा, हा प्रश्न मेरीलँडमधल्या मराठी घरांतही विचारला जातो. कोलंबिया, एलिकॉट सिटी भागात मुलं लिटल लीग खेळतात, त्यांच्या डोक्यावर नारिंगी टोप्या असतात, आणि आईवडील मात्र क्रिकेटवर वाढलेले असतात. हे पान त्या दोन्ही पिढ्यांसाठी आहे. २०२५ चा हंगाम आधीच्या डिसेंबरमध्येच हातचा गेला होता, असं माझं ठाम मत आहे. उत्तरांमध्ये ते दिसेलच.

ऑफसीझन म्हणजे नेमका कोणता काळ?

वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत संपते, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (यष्टिरक्षकासारखे मागे झेलणारे) स्प्रिंग ट्रेनिंगला, म्हणजे हंगामपूर्व सरावाला हजर होतात. ओरिओल्सचा तळ फ्लोरिडातल्या सारासोटाला असतो. मधल्या साडेतीन महिन्यांत संघ खेळाडूंशी करार करतात, अदलाबदल करतात, कुणाला सोडून देतात. नियमित हंगाम १६२ सामन्यांचा असतो, जवळजवळ रोज सामना. एखादा खेळाडू आठवडाभर फॉर्मात आला म्हणून त्यात निभाव लागत नाही. पाच भरवशाचे स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारे पिचर, हाताशी आहेत की नाहीत, हे हिवाळ्यातच ठरवावं लागतं.

त्या हिवाळ्यात ओरिओल्सची अडचण काय होती?

पिचिंग. कॉर्बिन बर्न्स हा त्यांचा क्रमांक एकचा पिचर फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा, झाला होता. काइल ब्रॅडिश आणि टायलर वेल्स या दोघांच्या कोपरावर २०२४ च्या जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली होती, म्हणजे २०२५ चा मोठा भाग ते नसणार हे उघड होतं. क्लोजर, म्हणजे सामन्याचा शेवट करणारा पिचर, फेलिक्स बाउतिस्ता २०२३ च्या ऑक्टोबरमधल्या अशाच शस्त्रक्रियेतून परतत होता. उरलेल्यांत ग्रेसन रॉड्रिग्ज आणि झॅक एफ्लिन ही दोनच मोठी नावं होती. त्यांपैकी रॉड्रिग्ज २०२५ मध्ये मुख्य संघासाठी एकही सामना खेळू शकला नाही.

दुसरी अडचण फलंदाजीची होती आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. २०२४ च्या वाइल्ड कार्ड फेरीत, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या फेरीत, कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध पहिल्या सामन्यात बर्न्सने नऊपैकी आठ इनिंग्ज पूर्ण करून एकच धाव दिली, आणि तो सामना ओरिओल्स ०-१ ने हरले. दुसरा १-२ ने गेला. अठरा इनिंग्जमध्ये एक धाव! २०१४ पासून प्लेऑफमधला तो त्यांचा सलग दहावा पराभव होता. त्यामुळे संघाच्या कचेरीत फलंदाजीचीही धास्ती बसली असेल, तर ते समजण्यासारखं आहे.

बर्न्सला जाऊ का दिलं?

नुसतं 'जाऊ दिलं' म्हणणं थोडं अन्यायाचं आहे. बर्न्सने अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सशी सहा वर्षांसाठी २१ कोटी डॉलरचा करार केला. त्याचं घर तिथेच, स्कॉट्सडेलला; घराजवळ राहायचं होतं हे त्याने स्वतः सांगितलं. ओरिओल्सने चार वर्षांसाठी १८ कोटी डॉलर देऊ केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. वर्षाच्या हिशेबाने ती रक्कम अ‍ॅरिझोनापेक्षा जास्त भरते, पण वर्षं कमी. तिशीतला पिचर आधी वर्षं मोजतो, कारण कोपर कधी दगा देईल याचा नेम नसतो.

आणि कोपराने दगा दिलाच. २०२५ च्या जूनमध्ये बर्न्सची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. कोपरातल्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या (लिगामेंट) जागी दुसरीकडचा स्नायुरज्जू (टेंडन) बसवतात. परत यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. ११ सामने सुरू करून त्याचा हंगाम संपला.

याचा दाखला देऊन 'बघा, बरं झालं नाही घेतला' असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. जूनमध्ये काय होणार हे डिसेंबरमध्ये कुणालाच ठाऊक नसतं. निर्णय तपासायचा तो त्या दिवशी हातात काय होतं आणि गरज कशाची होती यावरून. बर्न्स नको होता तर नको. पण त्याच्या तोडीचा दुसरा कोण आणला, हा खरा प्रश्न आहे. तसा एकही आणला नाही.

मग कोण आणले?

तीन स्टार्टर, तिघेही एकेका वर्षाच्या करारावर. चार्ली मॉर्टन, वय ४१, दीड कोटी डॉलर. तोमोयुकी सुगानो, वय ३५, एक कोटी ३० लाख. आणि हंगाम तोंडावर आल्यावर, मार्चमध्ये, काइल गिब्सन, वय ३७, साडेबावन्न लाख. बेरीज करा: तीन कोटी साडेबत्तीस लाख डॉलर. बर्न्सला अ‍ॅरिझोनाने दिलेल्या कराराची वार्षिक सरासरी साडेतीन कोटी. म्हणजे जवळपास एका बर्न्सच्या पैशात ओरिओल्सने तीन उतारवयातले पिचर एका वर्षापुरते घेतले. पावसाळा तोंडावर आल्यावर गळक्या छपरावर ताडपत्री टाकतात, तसला हा कारभार.

मॉर्टनच्या खात्यात सुरुवातीला विजय शून्य, पराभव सात. २० एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, घरच्या मैदानावर सिनसिनाटी रेड्सकडून ओरिओल्स २-२४ ने हरले. त्या दिवशी सुरुवात मॉर्टननेच केली होती. शेवटी शेवटी खरे पिचर वाया घालवायला नकोत म्हणून कॅचर गॅरी सांचेझ आणि इनफिल्डर होर्हे मातेओ यांना पिचिंगला उभं केलं. क्रिकेटमध्ये सामना निकाली लागल्यावर यष्टिरक्षकाच्या हाती चेंडू दिलेला आपण पाहिला आहे, पण तिथे ती गंमत असते. इथे स्टेडियममधले लोक निमूट उठून पार्किंगकडे निघाले.

गिब्सनचं आणखी वाईट झालं. २९ एप्रिलला यँकीजविरुद्धच्या त्याच्या पहिल्याच सामन्यात पहिल्या तिन्ही बॅटरनी ओळीने होमरन, म्हणजे चेंडू थेट सीमेच्या भिंतीपलीकडे धाडणारे फटके, मारले. चार सामन्यांनंतर त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी, १६.७८ होता. चारच्या आत असेल तर चांगला मानतात. मे महिन्यात त्याला सोडून दिलं.

या तिघांबद्दल मला राग नाही. मॉर्टन आणि गिब्सन हे या खेळातले अत्यंत सन्मानाने वागलेले लोक आहेत. पण दोघांनी जे द्यायचं ते देऊन झालं होतं, आणि त्यांच्याकडून आणखी मागण्याची वेळ संघाने स्वतःवर आणली.

सुगानो तर जपानमध्ये फार मोठा पिचर होता ना?

होता. योमिउरी जायंट्सकडून दोनदा सावामुरा पुरस्कार (जपानमधला पिचरसाठीचा मोठा सन्मान), तीनदा सेंट्रल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. अमेरिकेत येण्याआधीच्या हंगामात १५ विजय, ३ पराभव आणि ईआरए १.६७. बाल्टिमोरमध्ये त्याने ३० सामने सुरू केले, १० जिंकले, १० हरले, ईआरए ४.६४. तिघांत त्यानेच पैसे वसूल करून दिले असं मी म्हणेन. त्याचा चेंडू वेगवान नाही, तो टप्पा आणि फसवणूक यांवर जगतो. पाचवा पिचर म्हणून तो उत्तम ठरला असता. ओरिओल्सला पहिला हवा होता.

आयपीएलसारखी पगाराची मर्यादा बेसबॉलमध्ये नसते का?

तशी नसते. आयपीएलमध्ये २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत १२० कोटी रुपये होते. त्यापुढे एक रुपयाही खर्च करता येत नव्हता. मेजर लीगमध्ये फक्त कराची रेषा आहे. २०२५ साठी ती २४ कोटी १० लाख डॉलर होती. त्यावर जेवढा खर्च होईल, त्यावर पहिल्या वेळी २० टक्के, दुसऱ्या सलग वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी ५० टक्के कर. फार वर गेलं तर अधिभारही लागतो. भरायची तयारी असेल तर कुणी अडवत नाही. ओरिओल्स त्या रेषेच्या आसपासही नव्हते. त्यामुळे 'नियमांमुळे खर्च करता आला नाही' ही सबब इथे लागू पडत नाही.

नवे मालक तर श्रीमंत आहेत, मग हात आखडता का?

डेव्हिड रुबेनस्टाइन मूळचे बाल्टिमोरचेच. त्यांच्या गटाने २०२४ च्या मार्चमध्ये अँजेलॉस कुटुंबाकडून संघ घेतला, किंमत १७२.५ कोटी डॉलर. त्यांच्या काळात खर्च नक्की वाढला. टायलर ओनीलला तीन वर्षांसाठी चार कोटी ९५ लाख, गॅरी सांचेझला ८५ लाख, रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा बदली पिचर) अँड्र्यू किट्रेजला एक कोटी डॉलर मिळाले. हात आखडता होता तो वर्षांच्या बाबतीत. त्या हिवाळ्यात कुठल्याही पिचरला एक वर्षापलीकडचा शब्द दिला गेला नाही. संघबांधणीचे प्रमुख माइक इलायस यांची भीती कळते. लांब करार फसला की चार-पाच वर्षं तो पगारावर बसून राहतो. पण ज्यांचा एकही लांब करार नाही त्या संघाने एक धोका पत्करायला हरकत नव्हती.

तरुण खेळाडू इतके स्वस्त कसे?

हे नीट समजून घ्या, कारण सगळा हिशेब इथे येऊन थांबतो.

मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू पहिली सहा वर्षं त्याच संघाच्या ताब्यात असतो. एका हंगामाच्या यादीत १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. पहिली साधारण तीन वर्षं पगार किती हे संघच ठरवतो. २०२५ मध्ये किमान पगार सात लाख ६० हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशनची: संघ एक आकडा सांगतो, खेळाडू दुसरा, आणि जमलं नाही तर लवाद दोहोंपैकी एक निवडतो. सहा वर्षं भरली की फ्री एजंट.

२०२३ चा सर्वोत्तम नवोदित गनर हेंडरसन, कॅचर अ‍ॅडली रचमन, जॅक्सन हॉलिडे, जॉर्डन वेस्टबर्ग, कोल्टन काउझर, हे सगळे त्या हिवाळ्यात याच काळात होते. जे बाजारात कैक कोटींना पडले असते, ते किमान किंवा बाजारभावापेक्षा कितीतरी कमी पगारावर खेळत होते. संघाच्या आयुष्यात अशी तीन-चार वर्षं येतात. बॅटरवर वाचलेला पैसा पिचरवर टाकायचा तो याच वर्षांत, कारण पुढे हेंडरसनचाच पगार वाढत जाणार. ओरिओल्सने वाचवलेला पैसा वाचवूनच ठेवला.

घरचे पिचर का तयार झाले नाहीत?

कारण ते पेरलेच नाहीत. इलायस २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आले तेव्हा संघ ११५ सामने हरलेला होता. त्या वाईट वर्षांमुळे ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, वरचे क्रमांक मिळाले. २०१९ ला पहिल्या क्रमांकावर रचमन, २०२० ला दुसऱ्यावर हेस्टन कर्स्टाड, २०२१ ला पाचव्यावर काउझर, २०२२ ला पुन्हा पहिल्यावर हॉलिडे. पुढच्या तीन ड्राफ्टमध्येही पहिली निवड बॅटरचीच. तरुण पिचरची दुखापत ठरलेली, बॅटर त्या मानाने भरवशाचा, असा त्यामागचा विचार. तो विचार चुकीचा नाही. हेंडरसनसकट ही सारी फळी त्यातूनच उभी राहिली. पण मग पिचर बाहेरून विकत घ्यायचे हे त्याच विचाराचं दुसरं अंग आहे. अर्धा विचार अमलात आणला आणि अर्धा तसाच राहिला. माझी खरी तक्रार ही एवढीच आहे.

तरुण बॅटर देऊन पिचर का नाही घेतला?

घेतले होते, आणि ते व्यवहार मोठे बोलके आहेत.

२०२४ च्या फेब्रुवारीत मिलवॉकी ब्रुअर्सकडून बर्न्स आला तोच अदलाबदलीत. पिचर डीएल हॉल, शॉर्टस्टॉप जोई ऑर्टिझ आणि ड्राफ्टमधली एक निवड दिली, बदल्यात एका वर्षाचा बर्न्स: १५ विजय, ईआरए २.९२. माझ्या मते तो व्यवहार उत्तम होता.

त्याच वर्षी जुलैत मायामी मार्लिन्सकडून डावखुरा ट्रेव्हर रॉजर्स घेतला, आणि काइल स्टॉवर्स व कॉनर नॉर्बी हे दोन तरुण बॅटर दिले. रॉजर्स इतका भरकटला की महिन्याभरात त्याला नॉरफोकच्या मायनर लीग (दुय्यम स्तरावरच्या) संघात धाडावं लागलं. इकडे स्टॉवर्स २०२५ मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. बाल्टिमोरमध्ये कपाळावर हात मारून झाले, रेडिओवर तासन्‌तास चर्चा झाल्या. आणि मग दुखापतीतून परतलेल्या रॉजर्सने त्याच २०२५ मध्ये १८ सामने सुरू करून ईआरए १.८१ ठेवला. एकाच व्यवहाराचं वर्षभरात दोनदा रूप पालटलं. म्हणून अदलाबदलीवर पहिल्या महिन्यात निकाल देणाऱ्यांचं मी फारसं ऐकत नाही.

पण ज्या हिवाळ्याबद्दल आपण बोलतो आहोत, त्यात ओरिओल्सने असं काही केलं नाही. शिकागो व्हाइट सॉक्सचा गॅरेट क्रोशे बाजारात होता. बॉस्टन रेड सॉक्सने डिसेंबरमध्ये चार तरुण खेळाडू देऊन त्याला उचललं आणि पुढे सहा वर्षांसाठी १७ कोटींचा करारही केला. २०२५ मध्ये त्याने १८ सामने जिंकले आणि २५५ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे थेट पिचिंगवर बाद केले. बॉस्टन ओरिओल्सच्याच विभागात खेळतं. कोबी मेयो, कर्स्टाड, सॅम्युएल बसायो अशी तरुणांची रांग तेव्हा बाल्टिमोरकडेही होती. सगळ्यांना एकाच वेळी खेळवायला जागा नव्हती, तरी रांग जपून ठेवली.

कॅम्डन यार्ड्सची भिंत पुन्हा आत आणली, त्याचा पिचिंगशी काय संबंध?

२०२२ च्या आधी कॅम्डन यार्ड्स या ओरिओल्सच्या घरच्या मैदानाची डाव्या बाजूची भिंत जवळपास २६ फूट मागे नेली होती आणि उंचीही वाढवली होती. पिचरना आधार मिळाला, पण उजव्या हाताने खेळणारे बॅटर वैतागले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ती काही प्रमाणात पुन्हा आत आणायचं जाहीर झालं. ओनील हा उजव्या हाताचा, नुकतेच बॉस्टनसाठी ३१ होमरन मारलेला बॅटर, लगेच घेतला गेला. हे जुळतं. पण ज्या हिवाळ्यात मैदान लहान केलं त्याच हिवाळ्यात वयस्क पिचर आणले, हे मात्र जुळत नाही.

अँथनी सँटांडरला सोडलं ते तरी बरोबर?

हो. ४४ होमरन मारणारा खेळाडू गेला की वाईट वाटतंच. पण टोरोंटो ब्लू जेजने त्याला पाच वर्षांसाठी सव्वानऊ कोटी दिले आणि पहिल्या वर्षी तो जेमतेम ५४ सामने खेळला. शिवाय बर्न्स आणि सँटांडर या दोघांनीही दोन कोटी साडेदहा लाखांची क्वालिफाइंग ऑफर (आपल्याच संघाने देऊ केलेला एका वर्षाचा ठरीव करार) नाकारल्यामुळे ओरिओल्सला २०२५ च्या ड्राफ्टमध्ये ३० वी आणि ३१ वी अशा दोन जादा निवडी मिळाल्या.

मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) ब्रँडन हाइडला काढण्याने काय साधलं?

फार काही नाही. १७ मे २०२५ ला १५ विजय, २८ पराभव अशा स्थितीत त्याला काढलं. दोन वर्षांपूर्वी तोच माणूस अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर होता. हातात जे पिचर दिले, त्यांतूनच त्याला रोज निवड करायची होती. माझ्या मते शिक्षा चुकीच्या टेबलावर गेली.

जुलैमध्ये एवढे खेळाडू का विकले?

हंगाम गेलाच होता, आणि ज्यांचे करार संपत आले त्यांच्या बदल्यात काहीतरी मिळवणं शहाणपणाचं होतं. सेड्रिक मलिन्स मेट्सकडे गेला, रायन ओहर्न आणि रामोन लॉरियानो पाद्रेसकडे, मॉर्टन टायगर्सकडे, किट्रेज कब्जकडे. सेरँथनी डोमिंगेझचा प्रकार तर कायम लक्षात राहील. २९ जुलैला टोरोंटोशी एका दिवसात दोन सामने होते. दोहोंच्या मधल्या वेळेत त्याचा व्यवहार झाला, तोही टोरोंटोशीच. सामान घेऊन तो त्याच स्टेडियममधल्या समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि दुसऱ्या सामन्यात ओरिओल्सविरुद्ध पिचिंग केलं.

पुढच्या हिवाळ्यात काही धडा घेतला का?

अर्धा. २०२५ च्या डिसेंबरमध्ये पीट अलोन्सोला पाच वर्षांसाठी साडेपंधरा कोटी दिले. लांब कराराची भीती गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. बाउतिस्ता खांद्याच्या दुखापतीने पुन्हा बाहेर गेल्याने रायन हेल्सलीला दोन वर्षांसाठी दोन कोटी ८० लाखांना घेतलं. टँपा बे रेजकडून शेन बाझ आणला. तो तरुण आहे आणि अजून काही वर्षं ताब्यात राहील. त्याच्यासाठी दिलेल्यांत केडन बोडाइन हा वर सांगितलेल्या जादा निवडींतून आलेला कॅचरही होता. बर्न्स आणि सँटांडरच्या जाण्यातून असा एक पिचर परत आला.

मला खुपतो तो ग्रेसन रॉड्रिग्जचा व्यवहार. नोव्हेंबरमध्ये त्याला एंजल्सकडे देऊन टेलर वॉर्ड घेतला. वॉर्डने आदल्या हंगामात ३६ होमरन मारले होते, पण तो वर्षभरात फ्री एजंट होणारा. रॉड्रिग्जची दुखापत खरी आहे, धोकाही खरा आहे. तरीही ज्या संघाला पिचरचीच चणचण, त्याने बरीच वर्षं ताब्यात राहणारा पिचर देऊन एका वर्षाचा बॅटर घ्यावा, हे मला अजून पचलेलं नाही.

हेंडरसन आणि रचमन बाल्टिमोरमध्ये राहतील का?

रचमन २०२७ च्या हंगामानंतर मोकळा होतो, हेंडरसन २०२८ नंतर. हेंडरसनचा एजंट स्कॉट बोरास, बर्न्सचाही तोच. आपला खेळाडू एकदा खुल्या बाजारात उतरावा, हीच बोरासची रीत.

दुसऱ्या बाजूला २०२५ च्या ऑगस्टमध्ये बसायोशी आठ वर्षांसाठी सहा कोटी ७० लाखांचा करार झाला, मेजर लीगमध्ये येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता तेव्हा. इलायस यांच्या काळातला हा असा पहिलाच लांब करार. एकवीस वर्षांच्या मुलाला आयुष्यभराची निश्चिंती, संघाला त्याची ऐन उमेदीची वर्षं. हेंडरसनशी असं काही करायचं तर ते २०२३ मध्ये स्वस्तात पडलं असतं. आता आकडा बसायोच्या कित्येक पट असेल. शिवाय खेळाडू संघटना आणि मालकांमधला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो आणि पगारावर कडक मर्यादा घालण्याची भाषा मालकांकडून सुरू आहे. त्यामुळे नवे नियम कळेपर्यंत मोठ्या सह्या लांबण्याची शक्यता आहे. मला विचाराल तर ओरिओल्सने तेवढं थांबू नये, हेंडरसनपुढे कागद आत्ताच ठेवावा आणि त्यावर वर्षं मोकळ्या हाताने लिहावीत.